मिशी

तिसरीच्या पटावर बावीस नावं.
एकोणिसाव्यापुढे मी निळ्या शाईनं लिहिलं
श्रवणदोष
आणि वळलो फळ्याकडे.

सहा महिने मी सुहानी सिडामला
माझी पाठ शिकवली.

फिरते शिक्षक महिन्यातून एकदा यायचे, घाटंजीहून, फटफटीवर.
जानेवारीत तासभर मागच्या बाकावर बसले
कानांत कापूस कोंबून.
जाताना म्हणाले, सर, तुम्ही फळ्याशी बोलता.
आणि वळलात, की मिशीशी.

वीस वर्षांची मिशी. लग्नाच्या अल्बमातली.
आरशापुढे आवाज न करता म्हणून पाहिलं:
पाणी. भाकर. मामा.
झुडपामागे कोणीतरी काहीतरी चघळत होतं.

रविवारी काढली.

सोमवारी पानठेल्यावरचे उठून उभे राहिले.
"कोन गेलं जी, गुरुजी?"
किराणावाल्यानं चहापत्तीचे पैसे घेतले नाहीत.
खिचडी शिजवणाऱ्या बेबीबाईंनी पदर डोळ्यांना लावला.
दारव्ह्याहून वडिलांचा फोन, त्यांनाही कोणी कळवलेलं:
"मी जित्ता हावो अजून, बावा."

एका पोरीला माझे ओठ दिसावेत म्हणून,
असं सांगत फिरलो दिवसभर.
मरण सांगणं सोपं गेलं असतं.
"एका पोट्टीसाठी?" सरपंच म्हणाले,
आणि स्वतःच्या मिशीवरून हात फिरवला.

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली
विहिरीचं झाकण काढल्यावर वाकून पाहावं तशी.
मी म्हणालो, पान.
तिनं लिहिलं, मान.
पुन्हा म्हणालो, पान.
बान.
प, ब, म. ओठांवर तिघांचं दार एकच,
हे मला डी.एड.ला पहिला येऊनही ठाऊक नव्हतं.

शेजारचा प्रणित वैतागला.
तिचा तळहात ओढून तोंडापुढे धरला: प. फुंकर लागली.
गळ्यावर ठेवला: ब. थरथरलं.
मग तिचं बोट आपल्या शेंबड्या नाकावर: म.
"एवढंच तं हाय, सर."
त्या दिवशी भूगोल झाला नाही.
अख्खा वर्ग एकमेकांची नाकं धरून म म म करत होता.

मोठं काही झालेलं नाही.
कानाच्या मशीनचा सेल संपला की आठ-आठ दिवस
तालुक्याची वाट पाहावी लागते.
भागाकारात ती चुकते, प्रणितही चुकतो.
मी अजून विसरतो, फळ्याशी बोलू लागतो.
मग पाठीवर खडू येऊन आदळतो.
कोणाचा, ते मी विचारत नाही.

पोरांनी सगळ्यांना हाताची नावं दिलीत.
प्रणित म्हणजे नाक.
बेबीबाई म्हणजे हवेत गोल ढवळणं.
मी म्हणजे वरच्या ओठावर दोन बोटं, पीळ देत.

मिशी जाऊन वर्ष झालं.
काल बाजारात, मिरच्यांच्या ढिगापलीकडून,
आईचा हात सोडून
तिनं दोन बोटं ओठावर पिळली.

मी ओ दिली.