तुझ्या वतीने

शरणपूरच्या देवळात तू अडीच महिन्यांची,
लोकरी टोपीत झोपलेली.
पाळकसाहेबांनी विचारलं,
"सैतानाला आणि त्याच्या सर्व कामांना तू नाकारतेस काय?"
मी म्हटलं, "नाकारते."
बायकी क्रियापद माझ्या मिशीतून आलं
तसं मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं.

खिशात तंबाखूची पुडी होती.
सैतानाच्या कामांत ती धरतात का, ठाऊक नाही.
बर्नबाने, तुझ्या बापाने, मलाच का निवडलं तेही नाही.
प्रेसमध्ये शेजारच्या टेबलावर होतो, एवढंच.

एकतीस वर्षं नाशिकरोडला नोटा तपासल्या.
शाई फुटलेली बाजूला, अंक सरकलेला बाजूला.
प्रत्येकीवर तेच वाक्य,
धारकाला अदा करण्याचं वचन,
आणि खाली कुणा एकाची सही.

काल तू कॅनडा कॉर्नरला भेटलीस.
हेल्मेट न काढताच म्हणालीस,
"एलीशाकाका, मला आता खरंच काही वाटत नाही.
देवाबद्दल म्हणते."
सिग्नल सुटला. मागचे हॉर्न बडवत होते.
काही समजवायला हवं होतं, चिडायला तरी.
मी विचारलं, "जेवलीस का?"

घरी येऊन पत्र्याची पेटी उघडली.
तुझ्या बाप्तिस्म्याचा पिवळा दाखला,
धर्मपित्याच्या रकान्यात माझी सही, तिरकी.
तपासणीत ही मी बाजूला काढली असती.

पण शलोमी,
वचन मी दिलं होतं. तू नुसती धारक.
कधीही ये, रात्रीबेरात्री, मोडून घे मला.
घडीवर विरलोय,
नंबर शाबूत आहे.