तीनशे मुलांचा लोबियो

त्सिसानाबाईंचं खोकं माझ्या टेबलावर आलं
तेव्हा कुताइसीत गारा पडत होत्या.
चारशे बारा कार्डं, शाळेच्या खानावळीतली,
तेलकट, कडांना बिटाचा रंग.
मी म्हणाले, सोपं आहे.
एक ॲरे, एक चौकट, शेजारी भिंग.
अक्षर पडलं की फिल्टर, उरेल ते पडद्यावर.
दोन आठवडे.

पहिलं घोडं अडलं केशराशी.
आमच्याकडे केशर म्हणतात वाळवलेल्या झेंडूला.
काही कार्डांवर तो 'पिवळं फूल', काहींवर नुसता 'पिवळा',
एकावर 'ते, गुलिकोच्या गाळ्यावरचं'.
चारही नावं एका दावणीला बांधली.

मग बाई टंकू लागल्या. एका बोटानं.
शितावरून भाताची परीक्षा करणारा माझा कोड
'लो' म्हणताच धावत सुटायचा,
'लोबि'ला पुन्हा, 'लोबियो'ला पुन्हा,
यादी उडायची, बाई दचकून हात मागे घ्यायच्या.
"याला सांग, माणसाचं बोलणं पुरं होऊ दे."
मी तीनशे मिलिसेकंदांचा धीर घातला.
त्यांनी मान हलवली.
नऊशे केला.

जावास्क्रिप्ट वस्तू आणायच्या आधी वचन देते:
आणीन, नाहीतर का आणली नाही ते सांगेन.
इतकं सरळ बोलणारं दुसरं कोणी
मला या शहरात माहीत नाही.

'किती माणसांसाठी?'
सगळी मापं तीनशेची, म्हणून मी सरकपट्टी दिली.
त्यांनी ती ओढत ओढत एकवर आणली.
राजमा साठ ग्रॅम.
कांदा ०.२.
तमालपत्र ०.०४.
बराच वेळ त्या बघत राहिल्या.
"एवढ्याशा पानाचा
एका माणसाला वास तरी येईल का गं?"
मी अपूर्णांक वर ढकलले. एक कांदा. एक पान.
त्या काही बोलल्या नाहीत.

जाता जाता त्यांनी चौकटीत लिहिलं: नोदार.
लाल अक्षरांत आलं, काही सापडलं नाही.
"असं कसं? आहे की."
खोक्यातून कार्ड काढलं, उलटं केलं.
मागे शिसपेन्सिलीनं:
नोदारला कोथिंबीर नको.
खाली, अक्रोडानं पुरळ येतं, नाव पुसट.
जुळ्यांतल्या धाकटीला जास्त साय,
थोरलीला कळू देऊ नये.

मी फक्त पुढची बाजू स्कॅन केली होती.

चारशे बारा कार्डं उलटायला अकरा दिवस लागले.
'टीप' हा रकाना मी ऐच्छिक ठेवला होता,
तोच फुगत फुगत पातेल्याबाहेर आला.
काहींची पाठ कोरी निघाली. तिथं नल.
आता ठाऊक आहे, ती सगळं खाणारी मुलं.

लाल वाक्य त्यांनी काढायला लावलं.
"पोराच्या तोंडावर असं म्हणतात का?
ताट घेऊन उभं असतं ते."
मग काय लिहू?
"लिही, थांब, बघते."

आता भिंगाखाली तेच असतं,
कोडमध्ये जिथं अवेट आहे तिथं.
काहीच नाही मिळालं
तर मक्याची भाकरी आणि चीज.

फक्त पान उघडल्यावर सरकपट्टी कुठं उभी असावी
यावर आमचं भांडण मिटलेलं नाही.
मी चार म्हणते.
त्या तीनशे.