छाट

हजार विड्यांमागं चाळीस-पन्नास छाटतो चेकर.
पान फाटकं, तोंड सैल, जर्दा कमी,
कधी नुसता घरनं भांडून आलेला असतो.
तीस वर्षं माझ्या हाताची पारख दुसऱ्यानं केली.
आता पक्षानं कळवलंय: शहराध्यक्ष निवडायचाय,
मतं एकशे बारा, त्यातलं एक
विडी घरकुल, ब गट, राजव्वा बोद्दूल यांचं.

म्हणून मे महिन्यात, भर दुपारी,
पत्रा तापून टकटक वाजत असताना
माझ्या दारात चपला सुटायला लागल्या.

सिद्धाराम उंबरजे आले आधी, सोबत सात जण.
खुर्ची एकच. ती त्यांनी एकाला पुसायला लावली,
मग बसले आणि मला 'माताजी' म्हणाले.
आमच्यात अक्का म्हणतात, अम्मा म्हणतात,
माताजी फक्त बॅनरवर असती.
बोलले चांगलं. पक्ष म्हणजे कुटुंब, म्हणाले.
लाईट गेलेली, पंखा थांबलेला,
घामानं कलप कानामागून उतरत होता
आणि ते काही कुटुंबावरून उतरेनात.
जाताना साडीचा बॉक्स दारामागं राहिला,
चुकून राहिल्यासारखा.
नातवाकरवी परत पाठवला. साडी बरी होती.
खोटं कशाला, दोनदा उघडून बघितली.

यास्मिन नालबंद एकटीच आली, स्कूटीवर.
वकील आहे, असेल पस्तिशीची.
पाणी मागितलं, आणि पीएफचं विचारलं:
किती कापतात, स्लिप देतात का, शेवटची कधी दिली.
वहीत लिहून घेतलं. मत मागायचं विसरूनच गेली.
ती गेल्यावर शेजारची अंबुबाई म्हणाली,
हुशार आहे की, पण हिला कोण होऊ देतंय?
मी म्हणलं, कोण म्हणजे? आपणच की.
मग दोघी गप्प. कात्र्या तेवढ्या चालल्या.

आणि मल्लेशम.
मल्लेशम चिट्याल, ह्याच गल्लीतला, आमच्या पोचव्वाचा पोरगा.
आता जुळे सोलापुरात बंगला, बोटात पोवळं.
आला आणि सरळ फरशीवर बसला,
तेलुगूत बोलायला लागला, तेही जुन्या,
आईसारखा शेवटचा शब्द ओढत.
पाण्याचं बोलला, पाच दिवसाआड येतं त्याचं.
बोलता बोलता माझ्या सुपातलं एक पान उचललं त्यानं.
बघतही नव्हता. बोटंच चालली:
चिमूटभर जर्दा, वळ, दुमड, तोंड बंद,
दोऱ्याचे दोन वेढे, तोडला.
सुपात ठेवली.
चेकरचा बापसुद्धा छाटणार नाही अशी विडी.
मग त्याला कळलं, आपण काय केलं,
आणि त्यानं रुमाल काढून हात पुसला,
पोवळं आधी, मग बोटं.

रात्रभर तो रुमाल डोळ्यापुढं.
बोटं विसरली नाहीत, हे खरं.
पुसली, हेही खरं.
पोचव्वा असती तर विचारलं असतं,
तुझ्या पोराला कुठल्या बाजूनं मोजू, सांग.

रविवारी कन्ना चौकातल्या कार्यालयात पेटी.
चिठ्ठीवर तीन नावं, शिक्का एकावर.
मारला. कुणावर, ते अंबुबाईलाही सांगितलं नाही.
पेटीजवळचा पोरगा म्हणाला, मावशी, हे काय?
घडी घालायची असती, तुम्ही तर वळून आणलंय!
बघते तर खरंच, कागद माझ्या बोटात
विडी होऊन उभा, तोंडसुद्धा बंद केलेलं.
सगळे हसले. मीपण हसले.
त्यानं उलगडायला हात पुढं केला,
मी दिला नाही. तसाच ढकलला फटीतून.

बाहेर ऊन. रसवंतीच्या ताडपत्रीखाली थांबलेय.
आत मोजणी चालू आहे,
कोण राहणार, कोण जाणार, मला काय की.
एवढं मात्र ठाऊक आहे:
छाटलेल्या विडीचे पैसे आम्हाला मिळत नाहीत,
पण ती कुणी फेकूनही देत नाही.
चेकर वेगळ्या पिशवीत भरून ठेवतो,
संध्याकाळी तीही विकली जाते.