मानवलेलं पाणी

कासिल्दा, आपल्या दोन घरांत नळ एकच,
तोही अंगणात, लामांच्या कुंपणाला टेकलेला,
ऑगस्टात दहा वाजेपर्यंत गोठून गप्प.
तू त्याच्यावर किटली ओततेस,
तो खोकतो, गढूळ थुंकतो,
मग आपण आपापल्या पोटांवरून हात लांबवून
बादल्या भरतो.
तुला सातवा, मला सहावा.

नर्स ओफेलिया महिन्याच्या पहिल्या मंगळवारी येते,
झाकणांवर नावं चिकटवलेल्या बाटल्या घेऊन.
आडोशाला जाऊन आपण त्या भरून देतो,
थंडीत बाटलीतून वाफ निघते, आपल्याला हसू येतं.
काल तिनं कागद आणला.
वरच्या ओळीत तू आणि मी सारख्याच:
नळातला सोमल दोघींच्या अंगात, आकडाही जवळपास तोच.
फरक खालच्या ओळीत.
तुझं यकृत त्याचा कान धरतं,
एक शेपूट जोडतं, लगेच दुसरं,
आणि दाराबाहेर घालवतं.
माझं पहिल्या शेपटापाशीच रेंगाळतं.
अर्धवट राहिलेलं जास्त बाधतं, ओफेलिया म्हणाली,
मुळात होतं त्याहूनही.

मी शाळेत शिकवते. अर्धवट राहिलेलं मी ओळखते.

माझं गाव मिसिओनेसमध्ये, खाली,
तांबडी माती, बारमाही पाऊस,
पणजोबा पोलंडहून आला तो एक कुऱ्हाड आणि एक उशी घेऊन.
आमच्या कुळात ज्वालामुखीच्या दगडातून झिरपलेलं
कुणी प्यायलंच नाही.
म्हणून हा पाहुणा आला
की माझं रक्त उठून त्याला खुर्ची देतं.

तुझ्या आईनं कागद बघितला नाही.
म्हणाली, हालिनाला आमचं पाणी मानवलं नाही.
मी म्हटलं, कासिल्दा नशीबवान.
त्यावर ती काही बोलली नाही,
शाल घेतली आणि चालू लागली,
मी मागे, धापा टाकत,
या उंचीवर मला अजून श्वासही उसना लागतो.

टेकडीच्या पाठीला दगडांचे ढीग होते.
वीतभर, दीड वीत. नावं नाहीत.
काही चर्चच्या आधीचे, काही कशाच्याही आधीचे.
वाऱ्यानं एकावरचा दगड खाली लोटलेला,
तिनं तो उचलून परत ठेवला,
घरातली उशी नीट करावी तसा.
म्हणाली, ही सगळी न मानवलेली.
जी उरली, त्यांची आम्ही.

उतरताना मी तुझ्याकडे बघत होते,
तू दोरीवर लोकरीचे मोजे वाळत घालत होतीस,
आणि मला तुझ्या मागे
ती सगळी रांग दिसली, वीतभर, दीड वीत.
प्रत्येकानं तुझ्या यकृताला
थोडं थोडं शिकवून ठेवलेलं.
केवढी फी भरलीत तुम्ही, कासिल्दा.

माझं मूल अर्धं तुझ्या भावाचं.
अर्धं तरी त्या शाळेत गेलेलं असेल, असं मी मोजते.
पण तूर्त ते पितं माझ्याच ओंजळीतून.

फोर्तुनातो पंधरा दिवसांनी खाणीच्या ट्रकमधून
शहरातलं पाणी आणतो, वीस लिटरचे निळे कॅन.
शनिवारी धरतीला जेवू घालताना
खड्ड्यात मी त्यातलंच ओतायला गेले.
तुझ्या आईनं मनगट धरलं,
दुकानातलं पाणी तिला कसं मानवेल गं?
सगळे हसले. मीही हसले,
आणि तू तुझी बादली पुढे केलीस.

काल रात्री आत काहीतरी हललं.
त्याच्याकडचं की माझ्याकडचं, कळलं नाही.
फोर्तुनातोला उठवलं नाही.
अंधारात चाचपडत कॅन वाकवला, पेला भरला.
प्लास्टिकची चव होती.
खिडकीबाहेर नळाला
तू बांधलेलं फडकं दिसत होतं,
थंडीनं ताठ.