भिंगाशिवाय

काम्पिनासच्या बाहेर, उसाच्या रानाला लागून
एक गोल इमारत. आत इलेक्ट्रॉन
घाण्याला जुंपल्यासारखे फिरताहेत
आणि वळणावळणावर त्यांच्यातून उजेड सांडतो.

पहाटेचे तीन. नेइदेने
द्रव नायट्रोजनमधून एक बीजाणू उचलला:
कॉफीच्या पानावरचा तांबेरा.
क्ष-किरण सहजी वाकत नाहीत,
म्हणून इथे भिंगच नाही.
किरण बीजाणूला भिडतो, विखुरतो,
आणि लांबच्या पडद्यावर पडतात
रांगोळी विसरलेले ठिपके.

पडदा फक्त मोजतो: इथे किती, तिथे किती.
लाट कुठे चढत होती, कुठे उतरत होती,
ती कला वाटेतच गळून जाते.
(चंद्राची असते, तोच शब्द.)

मग यंत्र अंदाज बांधतं. चुकतं.
चूक ठिपक्यांशी ताडून पुन्हा बांधतं.
नेइदे नमुना सरकवते, केसाच्या शंभराव्या भागाने,
अशा बेताने की नवा गोल
जुन्यावर थोडा चढलेला राहील.
त्या सामाईक तुकड्याबद्दल
दोघांचं एकमत व्हावंच लागतं.
सगळी मदार शेजाऱ्याच्या साक्षीवर.

दोर्वालिनोच्या उजव्या डोळ्यात भिंग नाही.
एकोणऐंशी साली काढलं, मोतीबिंदूसकट.
डावा आधीच गेलेला, फवारणीत.
जाड चष्मा तो फक्त चर्चला जाताना घालतो,
घरी नुसते डाग.
रविवारी मुलगी दारात उभी राहते, न बोलता.
"मार्ली?"
ती एक पाऊल डावीकडे.
"छे, मार्ली चौकट भरून टाकते."
आणखी एक पाऊल. चुलीवर कॉफी उतू जाते.
तो मान तिरकी करून
मघाचा डाग आत्ताच्या डागावर ठेवून पाहतो.
"नेइदे. केस कापलेस."

सोळाशे वेळा पाहून झाल्यावर, पाच वाजता,
बीजाणू उमटला. संत्र्याच्या फोडीएवढाच बाकदार,
पाठ काटेरी, पोट गुळगुळीत.
हाच तो. याच्यापायी
माणसं पाठीवर मोरचुदाचे पंप घेऊन
वाऱ्याच्या दिशेला तोंड करून चालली.
नेइदेने चहा तसाच निवू दिला.
इतकं पाहिल्यामुळे
तिकडे खरा बीजाणू करपला होता.

चित्र करडं आहे. क्ष-किरणांना रंग कळत नाही.
बोटांना लागायची ती पूड
नेमकी कसली नारिंगी होती,
ते विचारावं लागेल
रविवारी, दारातून.