भिरंडेल

बांबोळीच्या ओपीडीत डॉक्टर फुर्तादोंनी
माझे हात पालथे केले, उताणे केले,
कोपरावरचा खवला नखाने उचलून पाहिला
आणि विचारले, काम काय करता?
कांकणे भरते, म्हटले. डिचोलीच्या बाजारात.
नवऱ्यामुलींचे चुडे.

केसपेपरच्या पाठीवर त्यांनी रेघा ओढल्या:
कातडी खालून वर यायला महिना घेते,
तुमची येते चार दिवसांत.
पिकण्याआधीच येते, म्हणून गळते.
रक्तातलेच राखणदार, चोर नसताना
रात्रभर शिट्ट्या फुंकतात.
पसरत नाही. शाप नाही.
जाणार?
जाणार नाही. आटोक्यात राहील.

म्हणजे घाई.
घाई मला कळते.
हिरवे कांकण अंगठ्याच्या गाठीशी अडते
तेव्हा ढकलायचे नसते.
थांबायचे, हात मऊ पडू द्यायचा,
विचारायचे, आजोळ कुठले गो तुझे?

त्याआधी सगळे करून झाले होते.
जावेने वारूळ दाखवले, केरीच्या समुद्रात सात अमावास्या,
कोलवाळच्या एकाची बिननावाची डबी:
पंधरा दिवस हात लोण्यासारखे,
आणि सोडल्यावर असे पेटले
की भात कालवता येईना.

आता मंगळवार-शुक्रवार कदंब बस.
निळ्या नळ्यांच्या कपाटात उभी, डोळ्यांवर काळा चष्मा,
पहिल्या दिवशी चाळीस सेकंद, मग पन्नास.
लुर्दिस नर्स बाहेरून मोजते.
रात्री मलम, नखाएवढेच,
आणि भेगांना भिरंडेल. ते चालेल, म्हणाले डॉक्टर.
सासू तेव्हापासून गल्लीभर सांगते,
बघा, शेवटी भिरंडेलच लिहून दिले.

मार्गशीर्षात मयेच्या एका घरी
आईने मुलीचा हात मागे ओढला.
दुसरे कोणी नाही का?
मी उठले. नणंदेला बसवले.
तिने तीन कांकणे वाढवली.
फुटली म्हणू नये अशा दिवशी.
खोलीत कोणी बोलेना.
मुलगीच म्हणाली,
तूच भर गो, शेवंतीमावशे.

पसरत नाही हे, मी आधी म्हटले,
डॉक्टरांच्याच आवाजात.
तिचे लक्ष कांकणांकडे.

सातवे चढवताना माझा एक खवला
तिच्या मेंदीवर पडला, पांढरा.
आईने पाहिला. मीही.
मुलीने फुंकर मारली,
कांकणावरची धूळ उडवावी तशी,
आणि दुसरा हात पुढे केला.