अर्धं आडनाव

कोपरखैरण्याच्या सेक्टर पाचमधल्या
माझ्या दीड खोलीत
सत्तेचाळीस माणसांचे सन्मान राहतात,
बिस्किटांच्या डब्यांत, मलमलीत गुंडाळून,
एकमेकांना घासू नयेत म्हणून.

पोहण्यात दुसरा आलेला कुणी होर्मुसजी, १९३१.
कुठल्याशा पुलाच्या उद्घाटनाला वाटलेलं कांस्य.
एका संस्थानिकाचा रौप्यमहोसव,
टांकसाळीत त गळाला म्हणून भाव तिप्पट.
चुकीला किंमत येते
असा हा एकच नाद.

ब्रासो मी लावत नाही. नवखे लावतात.
काळं पडणं तेवढं पदकाचं स्वतःचं,
बाकी सगळं दुसऱ्यांनी कोरलेलं.

दर शुक्रवारी ठाण्याला, राबोडीत, कुत्बुद्दीनभाईंकडे.
तिथे चिनी मातीच्या बाईचा हात तुटलेला आहे
आणि तुटल्या हातात छत्री शाबूत.
तिथूनच आणली होती एक बुगडी. एकच.
बसऱ्याचे मोती; जोडीतली दुसरी
कुणाच्या कानात, नाहीतर मुशीत.
शशिकलाला म्हटलं, शोधतोय.
ती म्हणाली, नका शोधू.
सापडलीच, तर दोन्ही घालून
मला न्याल कुठे?

खरं तर शोधतोय मी भलतंच.
तुर्भ्याला आमची रंगांची कंपनी होती.
पंचवीस वर्षं भरली की चांदीचं पदक:
पुढे चिमणी आणि कमळ
(कमळ का, ते मालकालाही सांगता आलं नसतं),
मागे नाव.
मला मिळालं त्या दिवशी हात निळे होते,
साबणाला न जुमानणारे निळे.
फोटोत ते पाठीमागे आहेत.

दोन वर्षांत गेटला टाळं.
वाशीच्या सोनाराने नाव वाचलं नाही,
काटा वाचला.
सदतीस ग्रॅम, दोनशे ऐंशी रुपये.
पोरीच्या परीक्षेचा फॉर्म दोनशे सत्तरचा.
उरलेल्या दहाचं काय केलं
ते मात्र काही केल्या आठवत नाही.

परवा कुत्बुद्दीनभाईंनी पिशवी उपडी केली.
शाळांचे बिल्ले, दांडी मोडलेला ब्रोच,
कुठल्या क्लबाची बटणं,
आणि चिमणी.
आणि कमळ.
वजनाने देऊ की नावाने, त्यांनी विचारलं,
नेहमीचाच विनोद.
मागे कुणीतरी कानस फिरवलेली.
भिंगाखाली शेवटची दोन अक्षरं तेवढी तग धरून:
कर.

कर!
आमच्या ड्रायर खात्यात निम्मे कर होते.
मयेकर. निवतीकर.
बांदेकर, जो पिंपात पडता पडता वाचला.
चिंदरकर, जो नाही वाचला.
आणि मी, केळुसकर.
मी काही कानस लावली नव्हती,
म्हणजे हे माझं नव्हे.
सोनाराने लावली असेल, पुढे विकताना.
म्हणजे असेलही.

शशिकलाने ते तळहातावर घेतलं,
सोनाराच्या काट्यापेक्षा कितीतरी हळू.
म्हणाली, चिंदरकरांची बायको
अजून ऐरोलीलाच असते.
मी म्हटलं, काय सांगू तिला?
आडनावाची शेपटी सापडली?
ती काही बोलली नाही. कुकर लावला.

रात्री वही काढली.
नोंद अठ्ठेचाळीस. चांदी. अवस्था: घासलेली.
वजन साडेछत्तीस.
दोनदा केलं, पंखा बंद करून.
तेवढंच भरलं.
म्हणजे नाव अर्ध्या ग्रॅमचं होतं,
ज्याचं कुणाचं असेल त्याचं.

मिळाले कोणास: हा रकाना
बराच वेळ पेन घेऊन बसलो.
मग त्यात
ऐरोलीच्या सकाळच्या बसची वेळ लिहिली.